एक शीट बाकी

"दहा घोड्यांचं इंजन म्हणला होता न तू? याच्यात दोन गाढवंही नाहीत, जब्बारभाई!"

प्रेमानंदनं बोटीवरून काढून आणलेल्या इंजनाचं झाकण असं आपटलं की दुकानाच्या अंगणातली कबुतरं भुर्रकन उडाली. जब्बारनं हातातला पाना खाली ठेवला. देऊळगाव राजात त्याचं इंजनदुरुस्तीचं दुकान होतं, आणि ती जुनी मोटरबोट त्यानंच प्रेमानंदला विकली होती.

"भाऊ, घेताना तूच पाह्यली न?"

पाहिली होती तर! प्रेमानंद असं-तसं गिऱ्हाईक नव्हता. उभा जन्म त्यानं धाड-बुलढाणा जीप चालवली होती. इंजनाची दोरी ओढून हाताला दाब किती लागतो ते त्यानं जोखलं होतं. धुराचा रंग पाहिला होता. मग जब्बारला बोटीत बसवून आपण काठावर उभा राहिला होता. मूठ पिळताच बोटीनं नाक उचललं, हरणीसारखी उधळली, आणि मागं पाण्यावर पांढरी वेणी सुटत गेली. तेव्हाच त्यानं ठरवलं होतं, हीच.

बोट हौसेसाठी नव्हती. धरणाच्या फुगवट्यानं त्याचं गाव तीन बाजूंनी कवटाळलं होतं. जुनं गाव पाण्याखाली, नवं टेकाडावर. समोरच्या काठावर डांबरी सडक, सडकेनं थोडं गेलं की तालुक्याचा दवाखाना. पण रस्त्यानं जायचं तर सगळ्या पाण्याला वळसा. त्या वळशातच त्याची कौशल्या गेली होती. छातीत कळ आली, त्यानं स्वतःच्या जीपमध्ये तिला खिडकीपाशी बसवलं. तिला गाडी लागायची, तिची जागा कायम खिडकीचीच. दवाखान्याची पाटी दिसली तेव्हा हातातला तिचा हात गार पडत चालला होता.

तिची राख त्यानं याच पाण्यात सोडली. सोडली कसली, फेकली. "घे," म्हणाला, "गाव खाल्लं, वावर खाल्लं, हेही खा."

आता लेक धम्मशीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरले होते. हिला वळशानं न्यायची नाही, एवढा एकच हट्ट त्यानं धरला होता.

आणि बोट दगा देत होती.

एकटा बसला तरी ती अशी दबायची जशी बाजाराच्या दिवशीची भरलेली जीप. पाणी काठापासून दोन बोटांवर यायचं. इंजन कण्हायचं. त्यानं तळ पाहिला, कोरडा. पंख्यात गवत नाही, टाकीत पाणी नाही. मग उरला तो जब्बारचा खोटेपणा.

"चाल," जब्बार उठला. "माह्या डोळ्यानं पाहतो."

दुपारचं ऊन पाण्यावर पसरलं होतं. इंजन परत बोटीला लावून जब्बार आत बसला, दोरी ओढली, आणि बोट गेली ती बाणासारखी. वळून आला तेव्हा हसत होता.

"हे तुये गाढवं बे?"

प्रेमानंदची कानशिलं तापली. जब्बारला उतरवून तो स्वतः चढला. दोरीला हात घातला आणि जन्माची सवय तोंडातून आपसूक निघाली, जशी रोज जीपपुढं उभं राहून निघायची,

"चला, बसा बसा! एक शीट बाकी!"

"अरे, जीप समजला का काय?" जब्बार खो खो हसला.

बोट हलली. आधी डावीकडं, मग उजवीकडं. मग सावकाश, एकेका हिसक्यानं, वीतभर खाली बसली.

जब्बारचं हसू तोंडातच राहिलं.

"पाह्यलं?" प्रेमानंद ओरडला. "दिसलं न आता?"

जब्बार इंजनाकडं पाहतच नव्हता. "भाऊ, इथं खाली काय होतं?"

"जुनं गाव."

"इथं. या जागी."

"मसणवाटा." प्रेमानंद चिडून म्हणाला. "माणसं उठवली, घरं उठवली. मेलेल्याइले कोण गाडी पाठवते? राह्यले खालीच. त्याचं काय?"

जब्बारनं चपला पायात सरकवल्या. "इंजनात खोट नाही, भाऊ. तू... निघताना काही बोलत नको जाऊ." आणि मागं न पाहता चढ चढू लागला.

"भुताखेताच्या गोष्टी सांगून मले फसवून राह्यला काय बे!" प्रेमानंदनं त्याच्या पाठीवर शब्द फेकले. पाण्यावरून ते परत आले.

पुढच्याच गुरुवारी, गुरं घराकडं वळत असताना, धम्मशीलाला कळा सुरू झाल्या. शेजारची गोजरबाई धावत आली, पोटाला हात लावला आणि म्हणाली, "प्रेमा, वेळ नाही रे बाप्पा. मूल आडवं हाय."

प्रेमानंदनं जब्बारच्या पुतण्याला, आसिफला, फोन लावला. जीप घेऊन पलीकडच्या काठाला ये. मग लेकीला उचलून बोटीत निजवलं. गोजरबाई तिच्या उशाशी बसली. त्यानं दोरी ओढली. डोकं जागेवर नव्हतं, आणि तोंड, ते मेलं तोंड, आपल्या सवयीनं चाललं,

"चला, बसा बसा, एक शीट..."

बोट खाली बसली.

त्यानं जीभ चावली. फार उशिरा. मूठ पूर्ण पिळली तरी बोट पाण्यातून ओढल्यासारखी चालली. गोजरबाई भेदरून ओवी पुटपुटू लागली, जात्यावर म्हणायची ती,

"पाणी आलं दारापाशी, दार पुसे उंबऱ्याले,
सारे गेले दूर देशी, कोण राह्यलं बोलायले..."

"गप बस, गोजरे!"

बोटीच्या काठावरून पाणी आत डोकावू लागलं. अर्धं अंतरही कटलं नव्हतं. इंजनाचा धूर काळा पडला.

धम्मशीलाचे डोळे मिटलेलेच होते. ओठ चावत ती म्हणाली, "बाबा, या लोकायले सरकून बसायले सांगा न. माह्या अंगावर येऊन राह्यले."

"कोणाले?"

ती आणखी अंग चोरून निजली.

मग प्रेमानंदचा राग सुटला. धरणावरचा, पाण्यावरचा, मेलेल्यांवरचा, सारा एकदम. तो उभा राहिला आणि रिकाम्या फळ्यांवर ओरडला, जसा भरल्या जीपवर ओरडायचा,

"मागं सरका! दाटून बसा, लाजा नाहीत काय! माह्या लेकीले जागा द्या!"

फळ्या करकरल्या.

बोट मागून दबली. पुढून नाक उचललं.

पंख्यानं पाणी धरलं.

दहा घोडे, खरोखरचे दहा, उधळले.

काठाच्या गाळात बोट रुतली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आसिफची जीप सडकेवर उभी होती. त्यानं लेकीला उचललं, आणि सुटलेल्या श्वासाबरोबर तेही निघून गेलं, रोजचं, स्टँडवरचं,

"आलं. उतरा हो सारे."

बोट एकेका हिसक्यानं वर आली. अगदी हलकी होऊन डुलू लागली.

जीपमध्ये मागच्या सीटवर प्रेमानंद खिडकीशी बसला, मध्ये धम्मशीला, पलीकडं गोजरबाई. आसिफनं गिअर टाकला. स्प्रिंगांचे पाटे दबले. साधा चढ, पण जीप मुंगीच्या पावलानं निघाली.

"चाचा," आसिफ आरशात पाहत म्हणाला, "किती शीट घेतले मागं? गाडी नेट धरून नाही राह्यली."

दूर वळणावर दवाखान्याची पाटी दिसू लागली होती. दिसत होती, जवळ येत नव्हती.

धम्मशीलानं कळ गिळली. डोळे न उघडता बापाची बाही ओढली.

"बाबा, सरका इकडं. आईले खिडकीपाशी बसू द्या. तिले गाडी लागते."

प्रेमानंद सरकला.

उजव्या हातात लेकीचा हात होता, घामानं ओला, ऊन. डावा हात त्यानं खिडकीकडच्या मोकळ्या जागेवर टेकवला होता. पाटी जवळ यायला लागली, तसा तो गार पडत गेला.