मोकळी ठेवलेली जागा

दिवेलागणीला अवकाश होता, तेव्हा धुरपता दळायला बसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरमोरीजवळच्या त्या गावात दंडारीची, म्हणजे गावच्या नाच-गाण्याच्या खेळाची, तालीम होती. गाणी रचायची धुरपताने, गायची तिच्या नवऱ्याने, लटारूने. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घ्यायचा रिवाज. तिथे यायचं ‘लटारू म्हणे’. लोक त्याच्या अकलेची तारीफ करत आणि तोही गडी खुशाल मान डोलवत असे.

“एक डाव माह्यं नाव घ्या ना,” सकाळीच ती म्हणाली होती.

“बाईचं नाव दंडारीत? लोक हासतीन मले.”

शाळेच्या मास्तरांनी एकदा सांगितलं होतं, की राणीच्या राज्यात इंग्रज बायकाही पुरुषाचं नाव लावून कविता छापत. शिकलेल्या मडमांची ही गत, तर आपलं काय, असं तिला वाटलं होतं. तिची सासू रंभा हिचीही गाणी सासऱ्याच्या नावावरच गाजली. मागच्या सुगीत याच जात्याचा खुंटा हातात असतानाच रंभा वारली.

दळता दळता उद्याचं गाणं म्हणत धुरपता शेवटच्या कडव्यावर आली. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून तेवढी जागा ती नेहमी मोकळी ठेवायची. आजही ती थांबली.

जातं थांबलं नाही.

समोर बसून कुणी जोडीने ओढावं तसं ते हलकं फिरत होतं. मोहाच्या तेलाचा वास आला. सासू तेच तेल केसांना लावायची. धुरपताला खुंटा सोडवेना.

“आत्याबाई...” ती पुटपुटली, “उद्या इथी माह्यं नाव येऊ द्या...”

जातं हळूच थांबलं.

दुसऱ्या दिवशी तालमीत लटारू शेवटच्या कडव्यावर आला आणि त्याचा जबडा ताठला. त्याच्या तोंडून म्हाताऱ्या बाईचा आवाज निघाला.

“रंभा म्हणे...”

ढोलकी थांबली. बायकांत बसून ऐकणाऱ्या धुरपताला भीतीच्या आधी राग आला. गाणं तिचं होतं. ती तडक घरी आली, जात्याशी बसली आणि तेच कडवं म्हणू लागली. जन्मात पहिल्यांदा त्या मोकळ्या जागेत तिने स्वतःचं नाव घातलं.

तोंडून निघालं, “रंभा म्हणे...”

तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. जातं हलकं फिरत होतं.

मागोमाग लटारू दारात आला. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि चौकट घट्ट धरली.

“माय...” तो म्हणाला, “तू कवा आली? अन् धुरपता कुठी हाय?”