वळणारं वाक्य

“तुझ्या संशोधनात तुला अजून खात्री नाही अशी एक गोष्ट सांग.” शाहीन मुजावरने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला.

समोर बसलेली वृंदा सोनटक्के हसली. पहिल्या वेळी हसली होती तेवढंच, तसंच. “निष्कर्ष सुसंगत आहेत आणि पुढील अभ्यासाला भरपूर वाव आहे,” ती म्हणाली.

विद्यापीठाच्या लेखन व व्यवसाय-विकास केंद्रात सकाळपासून सराव मुलाखती चालू होत्या. तिथे मार्गदर्शक असलेल्या शाहीनने हा प्रश्न आजपासूनच विचारायला घेतला होता. वृंदाच्या आधी इतिहासाचा एक, भाषाशास्त्राची एक आणि वस्त्रतंत्राचे दोन विद्यार्थी येऊन गेले होते. चौघांनीही हेच उत्तर दिलं होतं, अगदी शब्दशः.

वृंदाला ती चार वर्षं ओळखत होती. पहिल्या वर्षी ही मुलगी प्रबंधाचं अकरा पानी प्रकरण घेऊन आली, तेव्हा त्यात जागोजागी ‘कदाचित’ होतं. शाहीन तिला रागावली होती. मग दीड वर्षापूर्वी केंद्रात लेखनपट्टी आली. कानामागे चिकटवायची नखाएवढी पातळ पट्टी. माणूस बोलण्याआधी किंवा लिहिण्याआधी मेंदू शब्दांची जुळवाजुळव करतो, तिला शास्त्रज्ञ पूर्ववाचा म्हणत. पट्टी ही पूर्ववाचा टिपायची, आणि वाक्य अडखळतं आहे असं दिसलं की एक सूक्ष्म स्पंद देऊन ते नीटनेटक्या वळणावर न्यायची. नीटनेटकं म्हणजे काय, हे ती नामांकित नियतकालिकांनी स्वीकारलेल्या हजारो लेखांवरून शिकली होती. प्रबंध सहा महिन्यांत पूर्ण होऊ लागले. मुलामुलींना नोकऱ्या लागू लागल्या. शाहीननेही वर्षभर ती वापरली, कारण दिवसाला वीस मसुदे तपासायचे तर दुसरा मार्ग नव्हता.

“पट्टी काढ,” ती म्हणाली. तिने स्वतःचीही काढली. “आता हाताने लिही. तिसऱ्या गटाचं काय झालं, एवढंच.”

वृंदाचा विषय साठवलेल्या शेंगदाण्यांवरची बुरशी हा होता. बुरशी धरू नये म्हणून तिने दाण्यांवर लावायचा एक लेप तयार केला होता, आणि तो पांढऱ्या उंदरांच्या तीन गटांना खायला घातला होता. तिसऱ्या गटाने तो सर्वांत जास्त दिवस खाल्ला. तिच्या प्रबंधात त्या गटावर फक्त एक ओळ होती, आणि ती वाचून शाहीनच्या मनाला काहीतरी टोचलं होतं.

वृंदाने लिहायला घेतलं. ‘तिसऱ्या गटात’पर्यंत अक्षर तिचं, गिचमिड होतं. तिथे पेन थांबलं आणि पुढचे शब्द वळणदार उतरले: ‘किरकोळ फरक आढळला.’

ती कागदाकडे बघत राहिली. “मॅडम, मला हे लिहायचं नव्हतं.”

“मग काय लिहायचं होतं?”

“आहे काहीतरी. जवळ येतं, आणि वळतं.” तिने ती ओळ खोडली. “किती दिवस झाले असं होतंय, तेही मला सांगता येत नाही.”

“लेपाचं पुढे काय ठरलंय?”

हे मात्र वृंदाने सहज सांगितलं. आज दुपारच्या सुट्टीत कोळवाडीच्या शाळेत लेप लावलेल्या दाण्यांची चिक्की वाटणार होते. पुढच्या आठवड्यापासून तालुक्यात सगळीकडे.

साडेबारा वाजले होते. शाहीन तिला घेऊन धावतच प्राणिगृहात गेली.

तिथले सेवक दगडू ढगे पिंजरे धूत होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, लिहिण्याचं काम नाही, म्हणून त्यांना पट्टी कुणी दिलीच नव्हती. शाहीनने तिसऱ्या गटाबद्दल विचारलं.

“मेले की,” ढगे म्हणाले. “चोवीसातले अकरा गेले. बाकीचे कापले तेव्हा काळजावर पांढरे डाग. ताईंनीच दाखवले मला. रडल्या होत्या त्या दिवशी.”

वृंदा भिंतीला टेकली. “मी रडले होते?”

शाहीनने शाळेच्या मुख्याध्यापिका सुलभा आवटे यांना फोन लावला. काय सांगायचं हे तिला स्वच्छ ठाऊक होतं. चिक्की वाटू नका, विषारी असेल. फोन उचलला गेला.

“बाई, मी विद्यापीठातून बोलतेय. आजच्या चिक्कीबद्दल,” ती म्हणाली, आणि मग तिने स्वतःचा शांत, मुरलेला आवाज ऐकला. “निष्कर्ष सुसंगत आहेत. तिसऱ्या गटात किरकोळ फरक—”

तिने तोंडावर हात दाबला. पट्टी तर टेबलावर काढून ठेवली होती. म्हणजे आता पट्टीची गरजच उरली नव्हती. वळण आत पडलं होतं, पायवाट पडते तसं, आणि सगळी वाक्यं आपोआप तिकडेच जात होती.

तिने फोन ढग्यांपुढे धरला.

“मी काय बोलणार म्याडम? मला तुमच्यासारखं बोलता येत नाही.”

“म्हणूनच,” शाहीन म्हणाली. एवढा एक शब्द तिला सरळ काढता आला.

ढग्यांनी ओले हात शर्टाला पुसले. “बाई, मी प्राणिगृहातला ढगे. त्या चिक्कीतले दाणे खाऊन आमचे अकरा उंदीर मेलेत. पोरांना देऊ नका. कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा.”

फोनमधून नुसता मुलांचा गलका ऐकू येत होता. ताटं मांडल्याचा आवाज येत होता.

“आवटे बाई उन्हाळी प्रशिक्षणाला आपल्याच केंद्रात होत्या,” वृंदा अगदी हळू म्हणाली. “दीड महिना, पट्टी लावून.”

तिघंही फोनकडे बघत उभे राहिले. पलीकडची बाई अजून गप्प होती. ती ऐकलेल्या गोष्टीचा विचार करत होती, की तिच्याही आत ते वाक्य वळत होतं?