दहा मिनिटांत दुबईहून मुंबई!

"मावशी, थांब! ती फाइल देऊ नकोस!" वेदिका इतक्या जोरात ओरडली, की ज्योत्स्नामावशीचा चहा बशीत सांडला.

"काय गं, पाल पडली का अंगावर?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

फाइलमध्ये मावशीचा पासपोर्ट आणि नर्सिंगची मूळ प्रमाणपत्रं होती. दुबईच्या हॉस्पिटलात मुलाखत म्हणे, चार दिवसांत परत! एजंट धनराजने तिकीटही पाठवलं होतं. पाच वाजता तो फाइल न्यायला इंदिरानगरातल्या घरी येणार होता. पण झेरॉक्स चालणार नाही, मूळ कागदच हवेत, हे त्याचं टुमणं वेदिकाला पहिल्यापासून खटकत होतं.

"मुंबईहून दहाला निघून अकरा चाळीसला दुबई? जवळजवळ दोन हजार किलोमीटर? खोटं आहे हे तिकीट!"

मावशी हसली. "अगं शहाणे, दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. प्रवास तीन तास दहा मिनिटांचा आहे."

"पडली तोंडावर!" सटाण्याहून सुट्टीला आलेला मामेभाऊ रुद्र खिदळला.

वेदिका ओशाळली. पण शंका काही पाठ सोडेना! तिने परतीची वेळ वाचली. दुबईहून दोनला निघून मुंबईत तीन चाळीस.

"रुद्र, येतानाही एक तास चाळीस मिनिटंच!"

"मग? रस्ता तोच ना?"

"पण घड्याळ? दुबईत दोन वाजतात, तेव्हा इथे साडेतीन झालेले असतात!"

रुद्रने बोटांवर मोजलं. "म्हणजे दहा मिनिटांत मुंबई? लय भारी विमान!"

तेवढ्यात बेल वाजली. धनराज!

"चला ताई, घाई आहे." त्याची नजर थेट फाइलवर गेली. रुद्र पटकन फाइलवरच बसला!

"काका," वेदिकाने गरीब चेहऱ्याने विचारलं, "दुबईहून यायला किती वेळ लागतो हो?"

"जायला जेवढा तेवढाच, बाळा! तिकिटावर लिहिलंय की."

"पण दुबईच्या दोनला इथे साडेतीन वाजतात! उरली दहा मिनिटं. एवढ्यात तर इथून कुणी गावातल्या द्वारका चौकातही पोचत नाही!"

मावशीचं हसू मावळलं. तिने तडक विमान कंपनीला फोन लावून बुकिंग नंबर सांगितला.

"असं बुकिंगच नाही, मॅडम."

"गाडी... गाडी नो-पार्किंगला आहे," म्हणत धनराज जिन्याकडे पळाला. आईने गॅलरीतून त्याच्या गाडीच्या नंबराचा फोटो काढला आणि पोलिसांना फोन केला.

"ओळखीतून आला, म्हणून मागच्या वेळी मी त्याला पोहे खाऊ घातले!" आई कपाळावर हात मारत म्हणाली. "शाब्बास रे पोरांनो!"

मावशीने फाइल छातीशी धरली आणि वेदिकाला जवळ ओढलं. "रोज घड्याळ बघून पेशंटची नाडी मोजणारी मी, आणि हे तिकीट मात्र नुसतंच वाचलं! आज माझी नाडी तू पकडलीस गं!"