डावी खुर्ची

डाव्या कानाला आता ऐकू येणार नाही, हे डॉक्टरांनी तिला सांगितलं तो सोमवार होता. तापातून उठून पंधरा दिवस झाले होते. कानात दडे बसलेत, सुटतील, असं ती धरून चालली होती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाबा डावीकडून म्हणाले, "चल बाळा, चहा घेऊ." ती चालतच राहिली. बाबांनी आणखी दोनदा हाक मारली, मग तिचा दंड धरला. तेव्हा कुठे काय गेलंय ते दोघांना कळलं. वैमानिक व्हायचं तिचं शिक्षण तिथेच थांबलं.

दोन वर्षांनी ती एका विमान कंपनीच्या सिम्युलेटरवर तंत्रज्ञ होती. सहा पायांवर उभी एक पांढरी खोली. आत हुबेहूब जेट विमानाचा कॉकपिट आणि काचांवर खोटं आकाश. खोली डुलायची, हादरायची, पण जागची हलायची नाही. कानाचं तिनं तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

एका दुपारी तिनं दार उघडलं, तर उजव्या खुर्चीत एक प्रशिक्षणार्थी कपाळाला हात लावून बसला होता.

"जेवणाची सुट्टी झालीय," ती म्हणाली.

"माहितेय. मी... टप्पा."

तिला हसू आवरेना. विमान उतरवताना हा धावपट्टीवर तीन-तीन टप्पे घेतो, म्हणून सगळे त्याला टप्पाच म्हणत. महिन्याभरानं, एका शुक्रवारी, त्याची शेवटची परीक्षा होती. यंत्राची मदत बंद, विमान हातानं उतरवायचं. नापास झाला की बॅग भरून घरी.

"आणखी एकदा चालू कराल, मॅडम? माझ्याकडे बघून नको, विमानाकडे बघून करा."

"तुमच्याकडे बघून केलंच नसतं."

त्यानं विमान असं आपटलं की तिच्या खिशातलं पेन उडून त्याच्या मांडीवर पडलं.

"उतरताना कुठे बघता?"

"जमिनीकडे. अंगावर येते ना ती..."

"म्हणून घाबरता. तिच्याकडे बघूच नका. पट्टीचं पार दुसरं टोक बघा. यंत्र उंचीचे फूट मोठ्यानं मोजत येईल – पन्नास, चाळीस, तीस. तीस झाले की मी 'हं' म्हणेन. तेव्हा नाक हळूच उचलायचं, इंजिनांचा जोर काढायचा आणि थांबायचं. बसू दे त्याला आपलं आपण."

पन्नास. चाळीस. तीस.

"हं..."

दोनच टप्पे पडले. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू लढाई मारली.

मग रोजची सुट्टी तिथेच जाऊ लागली. "पाऊस पाडू?" ती बटनावर बोट ठेवून विचारायची. "तुझ्या हातचा असेल तर पाड," तो म्हणायचा, आणि खोट्या काचांवर थेंब ओघळायला लागायचे. तुमचं तू कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"ही डावी खुर्ची रिकामी असते. तू मागेच का बसतेस?"

"ती कॅप्टनची आहे. माझी नाही."

परीक्षेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी मात्र त्यानं चार टप्पे घेतले.

"झालंय काय तुला?" तिनं विचारलं.

"काही नाही. काल कँटीनमध्ये एवढं विचारलं, तू चहा पीत राहिलीस. समजलो मी."

ती गोंधळली. "काल कुठल्या बाजूला बसला होतास?"

"तुझ्या डाव्या... का?"

तिनं सांगून टाकलं. ताप, तो सोमवार, बाबांची हाक, सगळं. त्याला एकदम हसू फुटलं.

"म्हणजे मी रात्रभर जागलो, ते चुकीच्या कानात बोललो म्हणून?"

"हसतोस काय?"

"मग उजवीकडून पुन्हा विचारू?"

"आधी विमान उतरव," ती म्हणाली. पण कान, चांगला तो, लाल झाला होता.

शुक्रवारी ती बाहेरच्या पडद्यासमोर बसली. आत परीक्षक होते, ज्यांना सगळे मामा म्हणत. मामांनी पाऊस पाडला, आडवा वारा सोडला. पन्नास. चाळीस. तीस. आत 'हं' म्हणायला आज ती नव्हती. तिचे ओठ नुसतेच हलले. सहा पाय जरासे वाकले आणि स्थिर झाले. एकही टप्पा पडला नाही.

मामा बाहेर आले. "पोरगं पास. पण तिसावर 'हं' कुणाला म्हणालं, देव जाणे."

मागोमाग तो आला, घामानं भिजलेला. "आता तू. डाव्या खुर्चीत."

"मला परवानगी नाही."

"आकाशात नाही. इथे कोण अडवतंय?"

मामांनी घड्याळ पाहिलं. "मला जेवायला वीस मिनिटं लागतात," असं म्हणून ते चालू लागले.

"आणि हे बघ," तो म्हणाला, "तू डावीकडे बसलीस की तुझा चांगला कान माझ्या बाजूला. तुला कॅप्टनच व्हावं लागणार, दुसरी सोय नाही."

ती बसली. दोन वर्षं झाली, तरी हात काही विसरले नव्हते. पन्नास. चाळीस. तीस.

"हं," तो उजवीकडून हळूच म्हणाला.

तिला स्वच्छ ऐकू आलं. तिनं नाक उचललं, जोर काढला आणि थांबली... चाकं कधी टेकली ते कळलंच नाही. विमान पट्टीच्या मधोमध उभं राहिलं तेव्हा ती हसत होती आणि गालांवरून पाणी येत होतं.

"आता विचारू?"

"विचार."

"माझ्याशी लग्न करशील?"

ती पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे बघत राहिली. अजिबात घाबरली नाही.

"हं," ती म्हणाली.

खरं जेट विमान मात्र तिनं अजून उतरवलेलं नाही.