पाठीवरचा शिपाई

पंजाबराव खायचा सोडा घ्यायला मोताळ्याच्या बाजारात गेला, तेव्हा किराणावाल्यानं विचारलं, "भजे कोनाकडं हायेत, पंजाबभाऊ?"

"भजे नाई. बर्फ पाडाचा हाये."

"मे महिन्यात?"

"डब्बीभरच पाडाचा हाये."

किराणावाला हसला, पंजाबरावही हसला. ते हसू शेवटचंच म्हणा, कारण पुढं या गोष्टीत हसायला जागा नाही.

पंजाबरावचं दुकान नंबरप्लेटा रंगवायचं, रेडियम कापून चिकटवायचं. पण जीव गुंतलेला बोटभर उंचीच्या प्लास्टिकच्या शिपायांत. कुरियरनं डबा यायचा. त्यात परदेशी फौजेचे शिपाई, सगळे एका साच्यातून निघालेले, एकाच तोंडाचे. पंजाबराव त्यांना तसं राहू देत नसे. ब्लेडनं हात कापायचा, गरम सुईनं गुडघा वाकवायचा, फट रंगाऱ्याच्या लांबीनं भरायचा. टूथपेस्टच्या नळीच्या पत्र्याचा पट्टा व्हायचा, झाडायच्या फड्याच्या काडीची बंदुकीची नळी. मुंडकं वेगळं घडवून टाचणीच्या तुकड्यावर मानेत बसवायचा. एका शिपायाला पंधरवडा लागायचा. बायको पुष्पाबाई म्हणायची, "तुमच्या हातून सृष्टी झाली असती तं अजून मानसाले पाय फुटाचे होते."

त्याचा बाप कुंभार. पोळ्याचे मातीचे बैल करायचा. बापाचा नेम होता, डोळे सगळ्यात शेवटी. आणि एकदा डोळे उघडले की त्या बैलाला परत हत्यार लावायचं नाही. शिंग वाकडं राहिलं तर राहू द्यायचं. "आता थो पाहून राह्यला," बाप म्हणायचा. पंजाबराव प्लास्टिकलाही तोच नेम पाळायचा.

सोडा पाहिजे होता तो सिंधूताईच्या लेकासाठी, धम्मरत्नसाठी.

धामणगाव बढ्याच्या पुढं एक गाव आहे, नाव सांगत नाही. धम्मरत्न तिथल्या बौद्धवाड्यातला, फौजेत होता. वर बर्फात ड्युटीवर असताना कडा कोसळला. त्याच गावचा ज्ञानेश्वर, उकंडराव पाटलाचा पुतण्या, पाय मोडून बेशुद्ध पडला. धम्मरत्ननं त्याला पाठीवर घेतलं आणि चौकीपर्यंत आणलं. दारात उतरवलं, भिंतीला टेकून बसला, तो परत उठलाच नाही. दुसरबीडचा एक पोरगा त्याच तुकडीत होता. त्यानं हे सिंधूताईला मयतीच्या दिवशी सांगितलं. ज्ञानेश्वर तेव्हा दवाखान्यात होता. बरा होऊन आला, गावात भरतीची अकॅडमी काढली, पोरांना पळवू लागला. धम्मरत्नचं नाव मात्र त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकलं नाही.

आता ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये धम्मरत्नच्या आठवणीचा काचेचा डबा ठेवायचं ठरलं. कसं झालं ते सांगायला सिंधूताई स्वतः आली. मोबाईलमधले फोटो दाखवले, दोघांचेही.

"कान जरा बाहेर काढजो, भाऊ," ती म्हणाली. "लहानपनी पोट्टे सुपडकान्या म्हनत त्याले. आन् वाकू देऊ नको लय. थो वाकनारा नवता."

पंजाबरावनं तसंच केलं. दोन शिपाई. खालचा धम्मरत्न, पाय बर्फात रुतलेले, कान बाहेर, नजर समोर. पाठीवर ज्ञानेश्वर, मिशी, मान लटकलेली, डोळे मिटलेले. फेविकॉल आणि सोड्याचा बर्फ. सगळ्यात शेवटी, खारीच्या शेपटीच्या एका केसानं, धम्मरत्नचे डोळे उघडले. त्या दिवशी पंजाबराव पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी उकंडराव आला. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. डबा पाहिला, पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"काम झकास हाये, पंजाब. खाली-वर झालं फक्त."

"म्हंजे?"

"आपला ज्ञानेश्वर खाली पाह्यजे. हे पोट्टं वर. ज्ञानेश्वरनं आनलं त्याले, पन वाचवू शकला नाई. असं."

"पाटील, सिंधूताईनं तं…"

"सिंधूताई गेली होती काय बर्फात? पुढच्या महिन्यात अकॅडमीत मोठे लोक येऊन राह्यले. थे इचारतीन कोनं कोनाले उचललं. मंग काय सांगाचं, पाटलाच्या घरचा पोरगा त्याहिच्या पाठीवर बसून आला?" तो 'त्याहिच्या' कसा म्हणाला ते ऐकायला पाहिजे होतं. "मुंडकेच तं बदलाचे हायेत. निघतेत ना? तूच सांगतलं होतं बे एकदा."

निघत होती. टाचणीवरच होती. पंजाबरावच्या पोटातून काहीतरी जळत वर आलं, गळ्यापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. आयुष्यभर तिथंच थांबत आलं होतं. तो मान खाली घालून म्हणाला, "पाहतो."

उकंडराव गेला. पंजाबरावनं शटर अर्धं ओढलं आणि ब्लेड घेतलं. बाप आठवला. ही माती नव्हे, प्लास्टिक आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि उघड्या डोळ्यांच्या शिपायाच्या मानेवर पातं टेकवलं.

मुंडकं निघताना आवाज झाला. प्लास्टिकचा टक् असा होतो. हा तसा नव्हता. थकलेला माणूस ओझं सावरताना करतो, तसा होता… बारीक.

अदलाबदल झाली. पंजाबरावनं डबा उजेडात धरला आणि लगेच परत टेबलावर ठेवला. खाली ज्ञानेश्वर, डोळे मिटून बर्फातून चाललेला. त्याच्या पाठीवर धम्मरत्न, डोळे टक्क उघडे, त्याच्या खांद्यावरून पुढं पाहणारा.

दुरुस्त करायलाच पाहिजे होतं. त्यानं ज्ञानेश्वरच्या पापण्यांवर पांढरा ठिपका दिला, वर काळा. धम्मरत्नच्या डोळ्यांवर कातडीचा रंग फिरवला. दुपारी वाळत ठेवलं. चहा घेऊन आला तर ज्ञानेश्वरचा रंग सुटून बर्फावर पडला होता, खवल्यासारखा. पापण्या मिटलेल्या. आणि धम्मरत्नचे डोळे…

त्यानं परत रंग दिला, परत गळला. रंग बदलला, ब्रश बदलला. रोज दुपारी तेच. टेबलावर कातडीच्या रंगाच्या बारीक पापण्या साचू लागल्या. पुष्पाबाईनं त्या झाडल्या नाहीत. "तुमीच उचला," एवढंच म्हणाली आणि दुकानात यायची थांबली.

तिला त्यानं सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग बदलून द्या पहिल्यासारखे."

"पाटील घेऊन जाईन आज-उद्या."

"पाटलाचा भेव वाटते. आन् त्या माउलीचा नाई वाटत?"

पंजाबरावला तिचा राग आला नाही, स्वतःचा आला, आणि तो गिळता येईना.

उकंडरावनं डबा नेला. मिटलेले डोळे पाहून क्षणभर अडखळला. मग म्हणाला, "चालते. बर्फ गेला डोळ्यात असं सांगू."

उद्घाटन दुपारीच ठेवलं. हॉलमध्ये वीज गेलेली, पंखे बंद, माणसं गमछ्यानं वारा घेत बसलेली. सिंधूताई पहिल्या रांगेत, पांढरं पातळ नेसून. पंजाबराव मागं भिंतीशी. ज्ञानेश्वर उशिरा आला. अकॅडमीची दोन पोरं त्याला हाताला धरून आणत होती. काळा चष्मा. आणि चालणं असं, की पाठीवर ज्वारीचं पोतं आहे.

"डोळे आले त्याचे," उकंडराव सगळ्यांना सांगत होता.

शेजारचा माणूस पंजाबरावच्या कानाशी कुजबुजला, "डोळे बिलकुल चांगले हायेत म्हने. बुलढान्याच्या डॉक्टरनं तपासले. पन पापन्याच उघडत नाईत. दोन हप्ते झाले."

पंजाबरावनं मनात हिशेब केला नाही. करायची गरजच नव्हती.

उकंडरावनं कापड ओढलं, टाळ्या झाल्या. सिंधूताई उठली, काचेशी गेली. बराच वेळ पाहत राहिली. मग न वळता म्हणाली, "पंजाबभाऊ, हे तू केलं?"

"हाव, ताई."

"कान बरोबर काढले," ती म्हणाली. "पन माह्यं लेकरू दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसनारं नवतं. कोनाच्या सांगन्यावरून बसवलं?"

"ताई, कला हाये थे, बसा खाली," उकंडराव म्हणाला.

"तुमी बसा, पाटील." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "जलमभर तुमीच बसले. आमच्या खांद्यावर बसले. माह्या पोरानं तुमच्या घरचा पोरगा उचलून आनला, आन् तुमाले थेही पाह्यजे? मेलेल्याची पाठ पाह्यजे?"

तेव्हा ज्ञानेश्वर उठला. पोरांचे हात झटकून, चाचपडत, वाकत, तिच्या आवाजाच्या दिशेनं आला. चष्मा पडला. मिटलेल्या पापण्यांतून पाणी वाहत होतं.

"मावशी… त्यानंच आनलं मले." उकंडरावनं त्याचा हात धरला, त्यानं सोडवला. "मी शुद्धीवर आलो होतो वाटेत. त्याले म्हनलं, ठेव मले, जा तू. थो बोलला नाई. नुस्ता चालत राह्यला. मी समदं ऐकलं, मावशी. त्याचा श्वास… अजूनही ऐकून राह्यलो. मानेवर. इथं." त्यानं आपल्या मानेला हात लावला आणि पटकन काढून घेतला. "उतरव त्याले, मावशी. तुह्यं ऐकते थो. उतर म्हन त्याले…"

सिंधूताई त्याच्याकडं पाहत होती.

"वाटेत कुठं उतरवलं होतं का त्यानं तुले?"

"नाई, मावशी."

"मंग?"

ज्ञानेश्वर तसाच वाकून उभा राहिला. ती त्याच्या बाजूनं निघून गेली, दारातून उन्हात. तिच्यामागं बौद्धवाड्यातली माणसं उठली, मग दुसरीही.

हॉलमध्ये चार माणसं उरली, तेव्हा उकंडराव घाईघाईनं पंजाबरावजवळ आला. "आत्ताच्या आत्ता डोके पहिल्यासारखे कर. हत्यार हाये ना जवळ?"

गळ्यापर्यंत येऊन थांबणारं ते जळतं काहीतरी, या वेळी थांबलं नाही.

"मी नाई करत, पाटील."

"काऊन बे?"

"तुमच्या जिभेनं कापले होते. तुमीच जोडा."

उकंडरावनं त्याच्याकडं असं पाहिलं की दुसऱ्या दिवशी पंजाबरावचं घर पेटलं असतं. मग स्वतःच डब्याकडं गेला, झाकण उचलायला हात घातला आणि मागं घेतला. बोटं धोतराला पुसत राहिला, ओली झाल्यासारखी.

पंजाबराव जवळ गेला. बाहेर पत्रे तडतडत होते, भिंती हाताला चटका देत होत्या. आणि काचेवर, आतल्या अंगानं, रुपयाएवढं धुकं धरलं होतं. पाठीवरच्या शिपायाच्या तोंडासमोर.

ते विरलं. थोड्या वेळानं परत धरलं. परत विरलं. चढण चढणाऱ्या माणसाचं चालतं तसं, सावकाश, न थांबता.