नीलमोहराचा पहारा

"ओ! आज आमचा वार आहे!"

तिच्या आवाजाने चौकातली कबुतरं उडाली, पण झाडापाशी वाकलेला माणूस जागचा हलला नाही. हातातली भली मोठी झारी त्याने शांतपणे रिकामी केली, शेवटचे थेंबही झटकले, आणि मगच तो वळला.

"वार तुमचा आहे हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण तुमच्या वारी झाडाला पाणी मिळत नाही, हेही माहीत आहे."

सकाळी सकाळी असं काही ऐकून घेणाऱ्यातली ती नव्हती. तिने भरलेली बादली दाणकन खाली ठेवली आणि तावातावाने दोन पावलं पुढे टाकली. त्यातलं दुसरं पाऊल थेट चिखलात गेलं. चप्पल रुतली ती रुतलीच, आणि पाय ओढला तर पाय तेवढा बाहेर आला. एका पायावर उभं राहून भांडणं फार कठीण असतं हो... सगळा जोर तोल सांभाळण्यातच जातो.

"धरा," त्याने हात पुढे केला.

"खालच्या गल्लीची मदत मला नको."

"हा हात खालच्या गल्लीचा नाही. माझा स्वतःचा आहे."

तिला हसू आलं. ते तिने दाबलं, पण हात मात्र धरला. हात गार होता, ओला होता, आणि तिला पडू देण्याचा त्याचा अजिबात विचार दिसत नव्हता.

आता हे वार, ही गल्ली, हे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. वरची गल्ली आणि खालची गल्ली या चौकात एकमेकींना मिळत, पण त्यांच्यातल्या माणसांचं मात्र विळ्याभोपळ्याचं सख्य. चौकाच्या मधोमध मातीचं एक गोल बेट होतं. त्याच्या कडेचे दगड पांढरे रंगवायचे की लाल, यावरून फार पूर्वी एका सुशोभन मंडळाची दोन मंडळं झाली. तेव्हापासून बेटाचा वरच्या गल्लीकडचा अर्धा काठ पांढरा आणि खालच्या गल्लीकडचा अर्धा लाल होता. वरच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे तिचे काका. खालच्या मंडळाची सूत्रं एका करारी बाईंच्या हातात. दोघं समोरासमोर आले की दोघांनाही अचानक आभाळात काहीतरी महत्त्वाचं दिसायचं.

ती चष्म्यांच्या दुकानात नजर तपासायचं काम करायची, आणि उरलेल्या वेळात वरच्या मंडळाची चिटणीस होती. चिटणीस झाल्या झाल्या तिने दोन्ही अध्यक्षांच्या घरचे उंबरे झिजवून बेटाच्या बरोबर मधोमध एक नीलमोहर लावून घेतला होता. रोपवाटिकेतून आणला तेव्हाच तो माणसापेक्षा उंच होता. एक दिवस वरच्यांनी पाणी घालायचं, एक दिवस खालच्यांनी. दोन्ही गल्ल्यांनी मिळून केलेलं हे पहिलं काम, आणि तेच आता मरायला टेकलं होतं. पानं पिवळी पडून गळून गेली होती. इतक्या वर्षांत काकांचं आणि त्या बाईंचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, तेही नेमकं इथेच. महिनाअखेरच्या रविवारच्या सभेपर्यंत झाडाने जीव धरला नाही, तर ते उपटायचं आणि तिथे कारंजं बसवायचं. चोचीतून पाणी उडवणारे सिमेंटचे दोन राजहंस! तिला ते राजहंस स्वप्नात दिसू लागले होते.

"नवीन दिसता," चिखलातून चप्पल उपसणाऱ्या त्या माणसाला ती म्हणाली.

"आत्याकडे राहायला आलोय. वरच्या मंडळाच्या चिटणीस तुम्हीच ना? तुमच्या काकांशी बोलत नाही, तीच माझी आत्या. लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांना बाहेर काढतो." त्याने जोर लावला. चप्पल मोठा आवाज करत सुटली. "चपलेचा अनुभव पहिलाच."

चप्पल निघाली त्या खड्ड्यात बघता बघता पाणी भरलं. कुबट वासही आला. दोघं त्याच्याकडे पाहत राहिले.

"तुम्ही पाणी कधी कधी घालता?" तिने हळूच विचारलं.

"रोज संध्याकाळी. आज जरा लवकर..."

"रोज? तुमचा वार तर एक दिवसाआड!"

"तुमच्या वारी तुम्ही विसरता, असं आत्या म्हणते. म्हणून मी आपला गुपचूप—" तो थांबला. त्याने तिच्या बादलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आणि तुम्ही?"

तिने मान खाली घातली. "रोज सकाळी. तुम्ही लोक विसरता, असं काका म्हणतात."

त्याने हातातली चप्पल हळूच तिच्यापुढे ठेवली.

"चिटणीसबाई," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आपण दोघं मिळून याला बुडवतोय."

त्याच दिवशी त्यांनी कामाला हात घातला. त्याने चर खणून साचलेलं पाणी बेटालगतच्या गटारात काढून दिलं. तिने माती मोकळी केली. आता झाडासाठी करण्यासारखं एकच काम उरलं होतं, ते म्हणजे काहीही न करणं. पण दोन सुशोभन मंडळांच्या मधोमध उभ्या असलेल्या झाडाच्या बाबतीत हेच सगळ्यात अवघड होतं. वाळलेलं झाड दिसलं की येणाऱ्याजाणाऱ्याचा जीव तुटायचा आणि हातातलं भांडं आपोआप तिरकं व्हायचं. 'पाणी घालू नये' अशी पाटी लावून पाहिली. निवृत्त हेडमास्तरांनी ती मोठ्याने वाचली, शुद्धलेखन तपासलं आणि हातातली बाटली झाडाच्या बुंध्याशी रिकामी केली.

मग पहारा ठरला. कामावर जाण्याआधी सकाळी, आणि आल्यावर संध्याकाळी.

"पण मी माझ्या गल्लीतल्या लोकांना कशी अडवू?" ती म्हणाली. "सगळ्यांनी मला कडेवर खेळवलंय."

"मग अदलाबदल. तुमच्या गल्लीची माणसं मी अडवतो, माझ्या गल्लीची तुम्ही."

त्यामुळे ती पांढऱ्या काठावर बसायची आणि तो समोर लाल काठावर, मध्ये झाड. तिच्या पाठीमागून येणाऱ्यांवर त्याची नजर, त्याच्या पाठीमागून येणाऱ्यांवर तिची. व्यवस्था अगदी चोख होती. त्यात एकमेकांकडे पाहत बसावं लागे, याला काय इलाज?

"आत्या, पाणी नको!" एकदा तिने खालच्या अध्यक्षांनाच अडवलं.

"अगं, जीव कासावीस झालाय त्याचा."

"पाण्यानेच झालाय. न्या ती कळशी घरी."

आत्यांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग भाच्याकडे पाहिलं, आणि चक्क कळशी घेऊन परत गेल्या. "आमच्या आत्याला परत पाठवणारी पहिलीच तुम्ही," तो नंतर कौतुकाने म्हणाला. ती म्हणाली, "सवय करून घ्या." असं का म्हणाली ते तिलाही कळलं नाही... खरं म्हणजे कळलं होतं.

दिवस जात होते. झाडाच्या काड्या तशाच कोरड्या होत्या, पण गप्पांना मात्र रोज नवा फाटा फुटायचा. बंद लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आधी चिडतात, मग घाबरतात आणि शेवटी एकमेकांना घरच्या गोष्टी सांगायला लागतात, हे त्याने सांगितलं. नजर तपासताना लोक चुकीचं अक्षर इतक्या ठामपणे वाचतात की आपल्यालाच तक्त्याची शंका यावी, हे तिने सांगितलं.

"माझी नजर तपासाल कधी?"

"का? अंधुक दिसतं?"

"समोरचं फार स्पष्ट दिसतं. बाकीचं काहीच दिसत नाही."

"हा आजार जुना आहे," ती म्हणाली. "त्याला चष्मा नसतो."

एका संध्याकाळी, ध्यानीमनी नसताना, आभाळ भरून आलं. पहिला थेंब तिच्या मनगटावर पडला आणि दोघं एकदमच उठले. एवढे दिवस ज्या झाडाला थेंब लागू दिला नाही, त्याच्यावर आता आख्खा ढग रिकामा होणार होता! तो धावत जाऊन हत्यारांच्या खोक्यावरचं प्लास्टिक घेऊन आला. दोन टोकं त्याने धरली, दोन तिने, आणि बुंध्याच्या दोन्ही बाजूंना उकिडवं बसून त्यांनी ते मातीवर ताणून धरलं. सर चांगलीच जोरात आली. पाणी तिच्या केसांतून मानेवर, मानेवरून पाठीत उतरत होतं. वाहणारं नाक पुसायला हात मोकळा नव्हता. झाडाची मुळं कोरडी, आणि हे दोघं नखशिखान्त चिंब.

"सोडू नका हं," ती ओरडली.

"मी? सोडणार?" तो पावसातूनच म्हणाला. "मला धरून ठेवायचं काम छान येतं."

तिने मान वर केली. तो प्लास्टिककडे पाहत नव्हता. त्याच्या पापण्यांवरून पाणी ओघळत होतं आणि तो हसत होता, अगदी सरळ तिच्याकडे बघून. आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय, हे तिने तिथल्या तिथे, भर पावसात, स्वतःशी कबूल केलं. पुढे काय करायचं ते मात्र ठरत नव्हतं. सभेत पन्नास माणसांना गप्प करणारी ती, एका वाक्यापाशी अडली होती.

आणि मग सोमवारी सकाळी तिला पालवी दिसली.

लाल काठाच्या बाजूची फांदी, बरोबर त्याच्या डोक्यावरची. तिच्या टोकाला तिळाएवढं हिरवं काहीतरी डोकावत होतं. नजर तपासणाऱ्या बाईची नजर ती, चुकायची नाही. तिने आनंदाने तोंड उघडलं... आणि मिटलं. झाड जगलं, म्हणजे पहारा संपला. पहारा संपला, म्हणजे सकाळ संपली, संध्याकाळ संपली, समोरचं हसणं संपलं. रविवारी सभेत सांगू की, तिने स्वतःला समजावलं. तोवर झाडाचं काय बिघडतंय?

तोही त्या आठवड्यात जरा गप्पच होता. "काही आशा दिसते का हो?" असं तिने विचारलं, की घसा साफ करून म्हणायचा, "बघू या. घाई नको. अजून थोडे दिवस बसावं लागेल."

पण घाई काकांना होती. शुक्रवारी सकाळी चौकात एक टेम्पो येऊन थांबला. आत पेंढ्यात गुंडाळलेले दोन राजहंस माना उंच करून उभे होते. कारंजेवाल्याला नंतर सवड नव्हती म्हणे. पाठोपाठ दोन्ही गल्ल्या गोळा झाल्या. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला आत्या.

"वाळकं लाकूड ते. दोन दिवसांनी काढायचं ते आज काढू," काका म्हणाले, आणि कारंजेवाल्याच्या माणसाने कुदळ उचलली.

आपल्या लपवण्यापायी झाड जाणार! ती ताडकन उठली. समोर तोही उठला.

"थांबा! पालवी फुटलीय!"

दोघं एकाच वेळी ओरडले. दोघांनी एकाच वेळी बोट दाखवलं. तिचं बोट लाल काठावरच्या फांदीकडे होतं आणि त्याचं पांढऱ्या काठावरच्या.

कुदळ हवेतच थांबली. "अहो, नक्की कुठे?" काका गोंधळून गेले. त्यांनी आधी एका फांदीशी नाक नेलं, मग दुसऱ्या. दोन्हीकडे पालवी होती. चांगली टपोरी, पोपटी. हेडमास्तरांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. पांढरे आणि लाल एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले.

टाळी वाजवली नाही ती फक्त आत्यांनी. "ही एका दिवसातली नाही," त्या फांदी निरखत म्हणाल्या. "कधी दिसली रे तुला?"

"...रविवारी," तो पुटपुटला.

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"आणि तुला गं?"

"सोमवारी," ती म्हणाली. आता त्याने चमकून पाहिलं.

"आणि दोघांनीही तोंडातून अक्षर काढलं नाही." आत्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तू इथे बसायचीस ना? तुझ्या डोक्यावरची पालवी दिसली याला. आणि याच्या डोक्यावरची दिसली तुला. आपल्या डोक्यावरची कुणालाच नाही. मी विचारते, तुम्ही झाड राखायला बसला होतात की एकमेकांना न्याहाळायला?"

उत्तर ऐकायला टेम्पोवाल्यानेही इंजिन बंद केलं. काकांना अजून उलगडा व्हायचा होता. ते एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. तो कानापर्यंत लाल झाला होता. आणि तिला मात्र, का कोण जाणे, एकदम मोकळं वाटलं. जे वाक्य इतके दिवस अडलं होतं, ते आपल्या पायांनी चालत आलं.

"दोन्ही, आत्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "झाडही राखलं. आणि मला हा आवडतो. पहारा संपू नये म्हणून मी पालवी लपवली."

"मीसुद्धा," तो घाईघाईने म्हणाला. "म्हणजे... पालवी लपवली. आणि मलाही ही... चप्पल रुतली त्या दिवसापासून." गर्दीतून हशा उसळला, त्यात त्याचं वाक्य वाहून गेलं. पण तिला ऐकू आलं होतं.

"अहो अध्यक्ष," आत्या काकांना म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थेट त्यांच्याशी. "आता हे हंस कुठे ठेवायचे त्याचं बोला."

दोन्ही अध्यक्ष टेम्पोवाल्याशी वाद घालायला निघाले आणि दोन्ही मंडळं त्यांच्या मागे. बेटापाशी दोघंच उरले. तो लाल काठावर मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागला. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग ती झाडाला वळसा घालून पलीकडे, त्याच्या काठावर गेली.

"सरक जरा," ती म्हणाली.