ढेकळ्याचं खरं वजन

पहिल्या दिवशी पुढचा डावा पाय. दुसऱ्या दिवशी मागचा उजवा. तिसऱ्या दिवशी काहीच नाही, आणि चौथ्या दिवशी मागचे दोन्ही.

आमचा ढेकळ्या लंगडत होता, पण रोज वेगळ्या पायाने.

"नाटकं करतोय," सारंग म्हणाला. सारंग म्हणजे माझा नवरा, आमच्या शलाकाचा बाबा. "कालचा पाय कुठला होता हे विसरतोय तो."

"बाबा, कुत्रे नाटक करत नाहीत," शलाका म्हणाली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि पुराव्याशिवाय बोलत नसे. पाचव्या दिवशी तिने मेसचे आचारी नबीलालकाका यांच्याकडून वाटीभर तांदळाचं पीठ आणलं, ढेकळ्याचे पंजे पिठात बुडवले आणि त्याला काळ्या रबरी चटईवरून चालवलं. तीन ठसे ठळक उमटले. चौथा, पुढच्या उजव्या पायाचा, इतका पुसट की फुंकर मारली तर जाईल.

"दुखरा पाय तो जोरात टेकवत नाही," ती म्हणाली. "हे बघ, खोटं नाहीये."

मला ते आधीच माहीत होतं. मी चार दिवस त्याच्यावर डोळे लावून होते. तो झोपला की श्वास मोजायचे, उठला की पाय बघायचे, आणि फार वेळ उठला नाही तर हलवून उठवायचे.

हे सगळं घडत होतं चंद्रावर. दक्षिण ध्रुवाजवळच्या सावली वस्तीत आम्ही दोन वर्षांसाठी गेलो होतो. सारंग बर्फ खोदणारं यंत्र चालवायचा, मी काचघरातल्या भाज्या बघायचे. ढेकळ्या हा आमचा गावठी कुत्रा, काळ्या रानातल्या ढेकळाच्या रंगाचा. पृथ्वीवर तो अठरा किलो भरायचा. पण चंद्र आपल्याला पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढ्याच जोराने ओढतो. त्यामुळे मेसच्या लटकत्या स्प्रिंगकाट्यावर ढेकळ्या भरायचा फक्त तीन किलो.

तीन किलोचं ओझं, आणि ते पेलायला चार पाय. मग सांधे दुखावेतच कशाला?

शलाकाला हे कोडं सुटत नव्हतं. मला कोड्यापेक्षा तारखेची धास्ती होती. बारा आठवड्यांनी आमचं यान परत निघणार होतं. पृथ्वीवर उतरल्याबरोबर याच पायांवर सहापट ओझं येणार. प्राण्यांच्या डॉक्टरांनी होकार दिला तरच कुत्र्याला यानात जागा. नाहीतर त्याला पुढच्या यानापर्यंत, म्हणजे आणखी आठ महिने, नबीलालकाकांकडे ठेवायचं. शलाकाला हे सांगितलं त्या दिवशी ती जेवली नाही.

आमच्या डॉक्टर परभणीत बसत. डॉ. सुलक्षणा घुगे. चंद्रावरून पृथ्वीवर बोलणं पोचून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. तेवढा वेळ गप्प बसणं मला जमायचं नाही, त्यामुळे त्यांचं उत्तर यायच्या आत मी पुढचे दोन प्रश्न विचारलेले असायचे.

"ताई, एकेक घ्या," त्या पडद्यावरून म्हणायच्या. "मी काय पळून जात नाही."

त्यांच्या सांगण्यावरून वस्तीच्या दवाखान्यातल्या यंत्रहातांनी ढेकळ्याला गुंगी देऊन त्याच्या सांध्यातला थेंबभर द्रव काढला. दोन दिवसांनी डॉक्टरांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो ते आम्हाला दाखवलं. जंतू एकही नव्हता. पांढऱ्या पेशींची मात्र नुसती गर्दी.

"या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी," डॉक्टर शलाकाला म्हणाल्या. "प्रतिकारशक्ती (रोगजंतूंशी लढण्याची शरीराची ताकद) यांच्या जिवावर चालते. घरचं कोण आणि बाहेरचं कोण, हे त्यांना ओळखता येतं. तुझ्या ढेकळ्याच्या पहारेकऱ्यांचा तिथंच घोटाळा झालाय. सांध्याच्या आतलं मऊ अस्तर त्यांना परकं वाटायला लागलंय, म्हणून ते त्याच्यावरच तुटून पडतात. याला स्वयंप्रतिकार आजार (शरीराने स्वतःलाच शत्रू समजणं) म्हणायचं."

शलाका पडद्याजवळ सरकली. "डॉक्टरआजी, पहारेकरी रक्तातून फिरतात ना?"

"फिरतात की."

"म्हणून आज या पायात दंगा, उद्या त्या पायात."

अडीच सेकंद गेले. डॉक्टर हसल्या. "पुढं बोल."

"आणि सांधे झिजून दुखत असते तर चंद्रावर बरं वाटलं असतं, कारण ओझंच नाहीये. ओझं नसून दुखतंय, म्हणजे आग आतली आहे."

"ही पोरगी माझी खुर्ची घेणार," डॉक्टर मला म्हणाल्या. "पहारेकऱ्यांना परकं शोधायचा नको तेवढा सोस लागलाय, ताई. क्षणभर स्वस्थ बसत नाहीत. दुसरंही कुणी असंच दिसतंय मला इथं."

मी ढेकळ्याच्या पाठीवरचा हात काढला.

त्यांनी स्टेरॉइड (पहारेकऱ्यांना शांत करणारं औषध) सुरू करायला सांगितलं. त्याचा गुण यायला काही दिवस लागतील, म्हणाल्या. काही दिवस मला फार वाटले. "गेल्या वर्षी याच्या पंजाला लागलं होतं तेव्हाच्या दुखण्याच्या गोळ्या आहेत माझ्याकडे. कुत्र्यांच्याच आहेत, तुम्हीच दिलेल्या. तोवर त्या देते, म्हणजे त्याला..."

"ताई, हातातली गोळी खाली ठेवा."

पाकिटातून मी एक गोळी काढलीसुद्धा होती. ठेवली.

"ती गोळी चांगली, स्टेरॉइडही चांगलं," डॉक्टर म्हणाल्या. "पण दोन्ही एकत्र नाही. पोटाच्या आत एक बुळबुळीत थर असतो. पोटातल्या आम्लापासून तो पोटाला वाचवतो. ही दोन्ही औषधं तो थर पातळ करतात. एकदम दिली तर पोटात जखमा होतात, रक्त जातं, जिवावर बेततं. माणसांच्या गोळ्यांचं तर नावच काढू नका. फारच दुखलं तर मला सांगा, स्टेरॉइडशी भांडण होणार नाही असं तिसरं औषध मी देईन. आणि बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड मनाने बंद करायचं नाही. शरीर तसलाच एक पदार्थ स्वतः बनवत असतं. बाहेरून मिळायला लागला की ते बनवणं सोडून देतं, पुन्हा सुरू करायला त्याला वेळ लागतो. म्हणून डोस उतरवायचा तो हळूहळू, आणि मी सांगेन तेव्हाच."

आठवड्याभरात चारही ठसे ठळक झाले. शलाका ते पीठ पुसू देईना. पीठ उडून हवा गाळायच्या जाळ्यांत अडकतं म्हणून नबीलालकाका रोज कुरकुरायचे आणि रोज वाटी भरून द्यायचे.

पण औषधाने ढेकळ्याला तहान लागायची आणि भूक तर विचारू नका. तो ताट चाटायचा, मग ताटाखालची फरशी, मग माझ्याकडे बघायचा. डॉक्टर म्हणाल्या होत्या, वजनावर लक्ष ठेवा. ते काम माझं, आणि लक्ष ठेवण्यात मला कोण हरवणार? दर सोमवारी मी त्याला झोळीत घालून काट्याला टांगायचे आणि आकडा वहीत लिहायचे. तीन किलो. तीन किलो शंभर. तीन किलो दोनशे. सहाव्या सोमवारी साडेतीन.

"अर्धा किलोच वाढलाय," मी डॉक्टरांना कळवलं.

"अर्धा किलो चालतंय," त्या म्हणाल्या.

मी निश्चिंत झाले. वही मिटून टाकली.

त्याच संध्याकाळी लांबच्या बोगद्यात शलाकाने ढेकळ्याला हाक मारली. तो लांब लांब उड्या टाकत आला आणि तिला धडकला. ती मागे उडाली ती थेट भिंतीला जाऊन आपटली. कोपर सोललं. मी धावले, इथे हात लावून बघ, तिथे दाबून बघ.

"आई, थांब. मला विचार करू दे." ती भिंतीला टेकून बसली. "पूर्वी तो धडकला की मी दोन पावलं मागे जायचे. आज एवढ्या लांब आले."

"जोरात आला असेल."

"नाही, तेवढ्याच जोरात." तिने ढेकळ्याला एका हाताने उचललं. "उचलला तर हलका. धडकला तर जड. असं कसं?"

शनिवारी सारंग खाणीवरून आला तेव्हा तिने त्याला धरलं. तो म्हणाला, "अगं, उचलताना तुला कळतं ते वजन, म्हणजे चंद्र त्याला किती ओढतोय ते. धडकल्यावर कळतं ते वस्तुमान (वस्तूत एकूण किती माल भरलाय ते). चंद्रावर ओढ कमी होते, माल कमी होत नाही. माझं यंत्र इथे सहज उचललं जातं, पण चालू लागलं की थांबवायला पृथ्वीइतकाच दम लागतो."

"म्हणजे ढेकळ्यातला माल वाढलाय."

"थोडा वाढलाय," मी म्हणाले. "अर्धा किलो. वहीत आहे."

शलाका माझ्याकडे वळली. "आई, कुठल्या काट्यावरचा?"

मेसचा काटा स्प्रिंगचा. तो ओढ मोजतो. चंद्रावरचा अर्धा किलो म्हणजे पृथ्वीवरचे तीन. सहाने गुणायचं मीच विसरले होते. अठराचा ढेकळ्या एकवीस किलोचा झाला होता, आणि चंद्राच्या हलकेपणात ते लपून गेलं होतं.

यान निघायला सहा आठवडे उरले होते.

मग घरात चौकशी बसली. नबीलालकाकांनी कबूल केलं, भाकरीचा तुकडा, "एवढासाच, बेटा." सारंगने बिस्किटांचं कबूल केलं. "आणि तू?" त्याने मला विचारलं. मी म्हणाले, मी काही देत नाही. शलाकाने डब्याचं झाकण उघडलं. आत शेंगदाण्याच्या कुटाचे गोळे. गोळी लपवायला मीच रोज दोनदा द्यायचे. त्याला गोळीची चव लागू नये या काळजीने ते मोठे होत होत लिंबाएवढे झाले होते.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "मीही तेव्हा काटा विचारला नाही. चूक दोघींची. आता पुढचं. दुखऱ्या सांध्याला सगळ्यात जास्त छळतं ते फाजील वजन. खाणं मी ठरवून देते, हळूहळू उतरवू. मधेच भूक लागली तर तुमच्या काचघरातली काकडी. उड्या बंद. दिवसातून चारदा थोडं थोडं चालणं, अंथरूण जाड, आणि सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतील तर कोमट पिशवीचा शेक. आधी आपल्या मनगटाला लावून बघायचा. आणि पोटऱ्या भरायला पाहिजेत. त्याला खिशांचं जाकीट शिवा, दर चार दिवसांनी खिशात थोडी वाळू वाढवा. स्नायू बळकट असले की सांध्याला धरून ठेवतात. चंद्रावर ते सैल पडतात, आणि स्टेरॉइडनेही."

"वजन कमी करायचं आणि वरून वाळू बांधायची?" शलाकाला पटेना.

"तो दमला की जाकीट काढता येतं, लेकरा. चरबी काढता येते का?"

सहा आठवडे सोपे नव्हते. तो भुंकायचा नाही, नुसता बघायचा. एकदा मधेच मागचा एक पाय पुसट उमटला. मी डॉक्टरांना तीनदा फोन लावला. त्यांनी वाळू कमी करून डोस उतरवणं आठ दिवस लांबवलं. सगळ्यात अवघड मला सांगितलेलं काम होतं: तो झोपला असेल तेव्हा त्याला हात लावायचा नाही. झोपेत सांध्यांना विसावा मिळतो. मी हात मांडीखाली दाबून बसायचे. शलाका अभ्यास करता करता मधेच म्हणायची, "आई, बोटं दिसतायत."

निघायच्या आदल्या दिवशी काटा तीन किलो शंभरवर थांबला.

"अठरा किलो सहाशे," मी म्हणाले. कुणी विचारायच्या आत.

डॉक्टरांनी ठसे बघितले, त्याला पडद्यासमोर चालवून बघितलं, पुन्हा मागे फिरवून बघितलं. "गोळ्या अजून काही महिने लागतील. आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, लक्ष ठेवावं लागेल. पण आणा त्याला घरी." नबीलालकाकांनी ढेकळ्याला काकडीचं एक चाक दिलं आणि तोंड फिरवून उगाच भांडी लावत बसले.

पृथ्वीवर उतरल्यावर आम्हा तिघांचे पाय शिशाचे झाले होते. उतरतळाच्या इमारतीमागे नुकतंच पाणी दिलेला फुलझाडांचा वाफा होता. सारंगने ढेकळ्याला कडेला ठेवलं. तो उभा राहिला. बसला. मी पुढे झाले आणि थांबले. हात पाठीमागे बांधले. तो मातीचा वास घेत पुन्हा उठला आणि सावकाश वाफ्यातून पलीकडे गेला.

शलाका गुडघ्यांवर बसली आणि ओल्या मातीतल्या ठशांत एकेक बोट घालून खोली मोजू लागली. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा.

"चारही सारखे," ती म्हणाली. मग वर बघून, "आई, एवढी वाकू नकोस, ठसा पुसशील. आणि आता सहाने गुणायचं नाही. हेच खरं."